पऱ्हाटी जाळू नका, पण कच्चीही गाडू नका: खान्देशातल्या वावरात या चुका टाळा

कपाशी निघाली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर रचायच्या आणि काडी लावायची. जळगाव-धुळ्याकडे दर उन्हाळ्यात दिसणारी ही चूक सगळ्यात महागात पडते. कर्ब (कार्बन) आणि बहुतेक नत्र (नायट्रोजन) धुरातून जातं. राखेत पालाश (पोटॅश) उरतं, पण मातीतल्या जिवाणूंना खायला काहीच राहत नाही. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी राहील ही धास्ती खरी आहे. त्यासाठी पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, श्रेडरने बारीक करून खड्ड्यात कुजवा.

याच्या उलट चूकही होते. कच्चा भुगा पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटरने मातीत मिसळतात आणि पंधरा-वीस दिवसांत पीक पिवळं पडतं. जिवाणूंच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बाला १ भाग नत्र असतं. खाण्यात हे प्रमाण २४ ला १ च्या आसपास असलं तर त्यांचं भागतं. पऱ्हाटीत कर्ब त्याहून कितीतरी जास्त, म्हणून कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढतात आणि पीक उपाशी राहतं. ते जिवाणू मेले की नत्र परत मिळतं, पण तोवर पिकाचे वाढीचे दिवस गेलेले असतात.

पीक पिवळं पडलं तर आधी पानं बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडतंय. ठिबकमधून थोडा थोडा युरिया द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडतंय. तिथे युरियाने काही होणार नाही. पुढच्या वर्षी भुग्यात शेणकाला घालून ओल टिकवा आणि पूर्ण कुजल्यावरच वावरात टाका.

रावेर-यावलच्या केळीबागांत मे महिन्यात माती उघडी ठेवू नका. कोरड्या, तापलेल्या थरात जिवाणूंचं काम थंडावतं. निरोगी पानं ओळीत अंथरा. करपा (पानांवरचा बुरशीजन्य रोग) लागलेली मात्र बागेबाहेर काढून नष्ट करा.

जिवाणू खताची पाकिटं तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलीत तर जिवाणू मरतात, पैसे वाया गेले समजा. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीतच सुकवा. हरभऱ्याचं रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून हवेतलं नत्र देणारा जिवाणू) मुगाला चालत नाही.

काळ्या जमिनीत पाणी तुंबू देऊ नका. हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटवर (मातीतल्या नत्राचं एक रूप) जगतात आणि तुम्ही दिलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. ठिबक असलं तरी लाईट आली म्हणून रात्रभर चालू ठेवू नका.