अक्षरओळखीच्या आधी गोष्ट समजू द्या: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरी काय करावं

जून जवळ आला की पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकात पालकांची झुंबड उडते. पाटी, अंकलिपी, गिरवायच्या वह्या, भिंतीवर लावायचे तक्ते, सगळं पिशवीत पडतं. खरेदीत वावगं काही नाही. पण चार वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायचं म्हणजे मुळाक्षरं घोटून घ्यायची, हा समज अर्धाच खरा आहे. मूल धडा घडाघडा वाचतं आणि ‘काय वाचलंस?’ म्हटलं की गप्प बसतं, ही दुसरी-तिसरीच्या बाईंची तक्रार पुष्कळदा याच वयातून आलेली असते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असली तर उत्तरही शून्यच. अक्षरांची बाजू शाळा बघून घेते. भाषेची बाजू मात्र बालवाडीच्या वयात, कानावाटे आणि मुख्यतः घरातच भरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तोही खेळ आणि कृतींवर भर देऊन. तेव्हा ज्युनियर केजीत लेखन कमी घेतात म्हणून शाळेशी भांडायला जाऊ नका.

पुस्तक निवडा, आणि तेच तेच वाचा

पानावर एक-दोन ओळी आणि चित्रात काहीतरी घडतंय, असं पुस्तक घ्या. नुसती फळांची नि प्राण्यांची चित्रं असतील तर नावं सांगून झाल्यावर बोलायला काही उरत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं दुकानात चाळून बघा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. सुरुवात पहिल्या पातळीपासून करा.

मूल रोज तेच पुस्तक आणून देईल. कंटाळा तुम्हाला येतो, त्याला नाही. पहिल्या वाचनात त्याला ‘काय झालं’ एवढंच कळतं, ‘का झालं’ याकडे लक्ष जायला चार-पाच वाचनं जावी लागतात.

मध्येच थांबा, विचारा, आणि मग गप्प राहा

खरं काम इथे आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की मोठ्यांनी नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा मुलाला बोलतं केलं तर त्याची भाषा जास्त वाढते. पद्धत सोपी आहे: विचारा, उत्तराला दाद द्या, त्यात थोडी भर घाला, आणि ती भर मुलाच्या तोंडून एकदा येऊ द्या. मूल ‘भूभू पळाला’ म्हणालं, तर ‘हो, भूभू पावसाला घाबरून पळाला. कशाला घाबरला?’ असं पुढे न्या.

प्रश्न कोणते विचारायचे? ‘हा कोण? हा रंग कोणता?’ ही तोंडी परीक्षा झाली. दोन-तीन वर्षांपर्यंत ठीक, नंतर कमी करा. चिऊ-काऊची गोष्ट घ्या, ती आपल्याकडे पुस्तकाशिवायही सांगता येते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. एवढ्यावर आपण ‘कोणाचं घर वाहून गेलं?’ विचारतो आणि पुढे जातो. त्याऐवजी आजोबांनी असं काही विचारलं तर बघा:

‘पावसात मेणाचं घर टिकलं. मग एप्रिलच्या उन्हात काय होईल?’

नात बराच वेळ पायाचा अंगठा ओढत बसते. मग, ‘मेणबत्तीसारखं होईल. वितळेल.’

‘अरेच्चा! मग चिऊ कुठे जाईल?’

‘काऊकडे. पण काऊ म्हणेल, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.’

या चार वाक्यांत अनुमान आहे, कारण आणि परिणाम आहे, शिवाय दुसऱ्याच्या मनात शिरणंही आहे. मात्र त्या अंगठा ओढण्याच्या वेळात आजोबांनी उत्तर सांगून टाकलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. आणि उत्तर भलतंच आलं तर ‘चूक’ म्हणू नका, ‘तुला असं का वाटलं?’ विचारा, कारण ऐकलं की बहुतेक वेळा त्यातलं तर्कशास्त्र दिसतं.

प्रश्नही पानोपानी नकोत. एका बैठकीत तीन-चार पुरेत, नाहीतर गोष्टीचा रस जातो.

गोष्ट मुलाकडून परत ऐका

वाटी चिऊ, चमचा काऊ, उशी म्हणजे घर. आधी काय, मग काय, शेवटी काय, हे हातांनी मांडताना क्रम पक्का होतो. मधला तुकडा सुटला तर ‘थांब, पाऊस कधी आला?’ एवढंच विचारा.

रस्त्यावर वाचा

पीएमपीच्या थांब्यावर उभे असाल तर बसच्या पाटीकडे बोट दाखवा. ‘कात्रज’ मधला ‘का’ आणि ‘काका’ मधला ‘का’ सारखाच, हे मुलाला गंमत म्हणून कळतं. ‘स्वारगेट’ मधलं जोडाक्षर उलगडून दाखवायची घाई नको; तो शब्द चित्रासारखा ओळखीचा झाला तरी चालेल. लिहिलेल्याला अर्थ असतो आणि त्यावरून कुठली बस पकडायची ते ठरतं, एवढं कळणं या वयात मोठं.

मंडईत भाजी घेतल्यावर घरी पिशवी ओतून वर्गवारी करायला द्या: जमिनीखाली येणाऱ्या एकीकडे, वेलीवरच्या दुसरीकडे. गाजर कुठे, दोडका कुठे? मुलानं रंगावरून गट केले तर तेही बरोबर, फक्त कारण सांगायला लावा.

भेंड्या खेळताना गाणं आठवत नसेल तर नुसते शब्द चालतील. शेवटचं अक्षर ऐकून वेगळं काढणं ही वाचनाची थेट तयारी आहे, आणि ती ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसूनही होते.

कधी थांबायचं, कधी दाखवायचं

मूल उठून गेलं तर पुस्तक मिटा, पाठीमागे धावू नका. दहा मिनिटं भरपूर झाली. मोबाइलवरची गोष्ट चालू करून स्वतः स्वयंपाकघरात जाणं यात मोडत नाही, कारण मोबाइल उत्तराची वाट बघत नाही. आणि तिसरं वर्ष उलटूनही मूल दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल किंवा मागून हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून वेळ काढू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून कानांची तपासणी करून घ्या.