एकाच नकाशावर तीन हिशेब: शहराचा विकास आराखडा कसा तपासावा

विकास आराखड्याची फाइल माझ्या टेबलावर येते तेव्हा सोबत बहुधा तीन अहवाल असतात: रोजगाराचा, आपत्तीचा आणि कार्बनचा. तिघांचे सल्लागार वेगळे, नकाशांची मापंही वेगळी. आपत्तीच्या नकाशात जिथे पुराचं पाणी दाखवलेलं असतं, नेमकी तिथेच रोजगारवाल्यांची औद्योगिक वसाहत असते. नदीकाठची सपाट जमीन स्वस्त पडते ना! म्हणून आधी तिन्ही नकाशे एका मापावर आणा आणि एकावर एक ठेवून बघा. तोवर पुढचं पान उलटू नका.

मग पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवणारी रेषा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की सगळे निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. इमारत 50 वर्षं वापरायची असेल, तर तेवढ्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ 40 टक्के निघते. हा आकडा बैठकीत मोठ्याने सांगा. शिवाय ही रेषा कोणत्या वर्षांच्या पावसावरून काढली तेही विचारा. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जुन्या नोंदींवरची रेषा आज अपुरी पडू शकते.

जागेवर मी इतका अडून बसतो त्याचं कारण कार्बनच्या हिशेबातही आहे. सिमेंट बनवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त वाटा चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो जात नाही. फ्लाय अॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून तयार होणारा सिमेंटचा मुख्य घटक, कमी करता येतो, जरूर करा. पण चुकीच्या जागी बांधलेली इमारत पाडून पुन्हा बांधावी लागली की तोच कार्बन दुसऱ्यांदा हवेत जातो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला 2011च्या भूकंपात जमिनीतली वाळू पाण्यासारखी वाहू लागली. पुढे हजारो घरांची जमीन राहण्यासाठी अयोग्य ठरवून ती रिकामी करावी लागली. त्या घरांच्या भिंतींना कितीही ‘हरित’ प्रमाणपत्रं लावली असती तरी उपयोग शून्य.

मग वाढ थांबवायची का? मुळीच नाही, ती सरकवायची. उंचावरच्या, रेल्वे किंवा बसच्या मुख्य मार्गालगतच्या पट्ट्यात एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) वाढवून द्या. पूरपट्ट्यातल्या जमीनमालकांना त्यांचे विकास हक्क, म्हणजे बांधकामाचे हक्क, तिथे वापरू द्या, नाहीतर ते कोर्टात जाणार आणि आराखडा कागदावरच राहणार. काठावर झोपड्या असतील तर त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवू नका. रोजगार तुटतो, रोजचा प्रवास वाढतो आणि काही काळाने बरेच लोक पुन्हा काठावर दिसतात.

आता पाण्याचं गणित स्वतः करा, सल्लागारावर सोडू नका. एक हेक्टर जागा घ्या. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे तिच्यावर 500 घनमीटर पाणी. मोकळ्या मातीवरून त्यातलं समजा 30 टक्के वाहून जातं, काँक्रीट केल्यावर 90 टक्के. म्हणजे 150 ऐवजी 450 घनमीटर. वरचे 300 घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर, शेजाऱ्याच्या तळमजल्यात जाणार की याच जागेत थांबणार? नकाशावर त्याची जागा दाखवल्याशिवाय सही करू नका. टाकीच हवी असं नाही. रॉटरडॅमच्या बेंथेमप्लेनमध्ये खोलगट चौक बांधलाय: एरवी खेळायला, मोठ्या पावसात पाणी साठवायला. कोपनहेगननेही 2 जुलै 2011च्या ढगफुटीनंतर रस्ते आणि बागाच पाणी वाहून नेण्या-साठवण्याच्या कामाला लावले. मोठाल्या भूमिगत वाहिन्यांपेक्षा यात काँक्रीट कमी लागतं, आणि कोरड्या दिवसांत बाग ही बागच राहते.

एक गोम सहसा निसटते. कार्बन कमी करायचा म्हणून बस, स्वयंपाक, गरम पाणी सगळं विजेवर नेलं की वीज गेल्यावर सगळंच एकदम बंद पडतं. 2012मध्ये सँडी चक्रीवादळात न्यूयॉर्कच्या एका उपकेंद्रात पाणी शिरलं आणि खालचं मॅनहॅटन अंधारात गेलं. म्हणून ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, पंप तळघरात दिसले की लाल पेन काढा. सौर पॅनेल गच्चीवर असतील तर वादळी वाऱ्यासाठीचं बोल्टिंग कुणी तपासलं ते विचारा. शिवाय ग्रिड गेल्यावर ते पॅनेल किमान पाण्याचा पंप तरी चालवणार का? साधं ग्रिडला जोडलेलं सौर संयंत्र वीज गेली की आपोआप बंद होतं, हे पुष्कळ बिल्डरांना माहीतच नसतं.

शेवटी परवानगीच्या अटींत दोन ओळी घालून घ्या: भोगवटा प्रमाणपत्राआधी, म्हणजे इमारत वापरायची परवानगी देण्याआधी, पाणी साठवणीची प्रत्यक्ष मोजणी, आणि दर वर्षी पावसाआधी गाळ काढल्याची नोंद. गाळ काढण्याचा खर्च कोण करणार त्याचं नावही तिथेच लिहून घ्या, ‘संबंधितांनी’ एवढ्यावर भागवू नका.