जेफरसनच्या बागेतली वळणदार फुलवाट आपल्या अंगणात कशी आखावी

थॉमस जेफरसन अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष, पण बागकामात शेवटपर्यंत हौशीच. १७८६ साली जॉन ॲडम्सबरोबर त्याने इंग्लंडमधल्या बागा पालथ्या घातल्या आणि रेषेत आखलेल्या वाफ्यांऐवजी वळणावळणाची तिथली रीत व्हर्जिनियात, मॉन्टिचेलो या आपल्या घराच्या डोंगरमाथ्यावर आणली. घराभोवतीचे वाफे फुलांना अपुरे पडतील म्हणून १८०७ साली त्याने नात ॲनला पत्रातून एक कल्पना कळवली: हिरवळीभोवती नागमोडी वाट आणि तिच्या दोन्ही कडांना फुलांचे चिंचोळे पट्टे.

त्याने आराखडा कागदावर काढला, तुम्ही काढू नका. त्याला तो डोंगर लहानपणापासून पाठ होता. आपण पाण्याचा जुना पाइप जमिनीवर टाकायचा आणि पायाने सरकवत वळणं बसवायची. उन्हात तापलेला पाइप छान वाकतो. प्रत्येक वळणाला कारण हवं: आंब्याचं खोड, मोठा दगड, हौद. उगाच घेतलेलं वळण चार दिवसांत उघडं पडतं, कारण घरातली माणसं ते टाळून गवतातूनच जातात. म्हणून दोन-तीन दिवस भरली बादली घेऊन त्या वाटेने ये-जा करा. पाय जिथे आपोआप आत वळतील, तिथे पाइप सरकवा. मग फक्की मारा.

वाट चार फूट ठेवली तर दोन माणसं शेजारी चालतात. कडेचे पट्टे मात्र दोन-अडीच फुटांच्या वर नकोत, निंदायला हात पोचला पाहिजे. वाट खोदून मुरूम भरा, धुम्मस करा आणि पाणी वाहून जाईल असा किंचित ढाळ द्या.

१८१२ साली जेफरसनने हे पट्टे दहा-दहा फुटांच्या कप्प्यांत विभागून त्यांना क्रमांक दिले. हे जरूर उचला. एका कप्प्यात एकच जात: झेंडू, मग निशिगंध, मग अबोली. कप्प्याचा क्रमांक, लावणीची तारीख आणि पहिलं फूल वहीत टिपा. त्याच्या वहीतली पहिली नोंद १७६६ सालची, जांभळी हायसिंथ फुलू लागल्याची. वही त्याची असली तरी माती उपसणारे हात गुलामांचे होते. फुलझाडं लावण्यात त्यांच्यातला माळी वर्मली ह्यूज ॲनच्या बरोबरीने राबला, हे बागेचं कौतुक करताना सहसा सांगितलं जात नाही.

जेफरसन १८२६ साली गेला आणि वाट गवताखाली गडप झाली. १९३९च्या सुमारास बाग पुन्हा उभी करताना रात्री मोटारींचे दिवे हिरवळीवर आडवे पाडले, तेव्हा जुन्या वाटेची खोलगट रेघ सावलीतून उमटली.

तुमचं काम तपासायलाही हीच युक्ती वापरा. अंधार पडल्यावर विजेरी जमिनीलगत आडवी धरा. पाणी कुठे साचेल ते खड्डे लगेच दिसतील. सकाळी तेवढेच भरून घ्या.