तीन लाइफमध्ये शेवटच्या बॉसपर्यंत: जुने अवघड व्हिडिओ गेम कसे संपवावेत

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला विचारा, ‘मारिओ खेळलास का?’ ‘अरे भो, भरपूर!’ असं उत्तर मिळेल. मग विचारा, ‘राजकन्या सोडवलीस का?’ म्हणजे गेम शेवटपर्यंत संपवलास का? इथे बहुतेक जण थांबतात. ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेमचंही तेच. तीस लाइफवाली कॉन्ट्रा सगळ्यांनी संपवली, तीन लाइफवाली फार थोड्यांनी.

त्यात त्या मुलांची चूक नव्हती. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या माहेरी यायच्या, घर पोरांनी भरून जायचं, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि घरात एकच टीव्ही, गेमचे दोनच रिमोट (कंट्रोलर). एक लाइफ गेली की रिमोट दुसऱ्याच्या हातात. त्यात भर दुपारी लोडशेडिंग. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटमध्ये खेळ सेव्ह करायची सोयच नसायची, त्यामुळे लाइट गेली की सातव्या वर्ल्डमधून थेट पहिल्या स्टेजला. अशा परिस्थितीत सराव होणार तरी कसा?

आज तो सराव करता येतो. हे गेम संपवायला विजेसारखी बोटं लागत नाहीत, ते पाठ करावे लागतात. पाढे पाठ करणारा कोणीही ते संपवू शकतो. मी हे मनापासून सांगतोय, कारण ‘आपल्याला नाही बुवा जमणार’ म्हणून रिमोट खाली ठेवणारे खूप जण पाहिलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर जमलंही आहे.

आधी अवघडपणा कुठून आला ते समजून घ्या

हे समजलं की राग कमी होतो आणि खेळ सुधारतो.

पहिलं कारण पैसा. यातले काही गेम ज्या आर्केड यंत्रांवरून घरात आले, तिथे नाणं टाकून खेळायचं असे. खेळणारा लवकर आऊट झाला तर पुढचं नाणं पडणार. यंत्राच्या आत छोटे स्विच असत. लाइफ किती द्यायच्या, खेळ किती कडक ठेवायचा, हे दुकानदार त्यावरून ठरवू शके. दुसरं कारण जागा. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खाच्या अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा साधा फोटोही बहुतेकदा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत ८ वर्ल्ड, ३२ स्टेज. अशा गेमच्या सगळ्या स्टेज सरळ खेळून काढल्या तर एका दुपारीत संपतील. मग महिनाभर पुरवायचा कसा? अवघड करून. अमेरिकेत तर गेम भाड्याने मिळत, आणि शनिवार-रविवारच्या भाड्यात पोरांनी तो संपवला तर विकत कोण घेणार, ही चिंता कंपन्यांना असे. १९९४ च्या ‘लायन किंग’ गेमची दुसरीच स्टेज इतकी जीवघेणी का, याचं हेच कारण तो बनवणाऱ्यांनी पुढे सांगितलं.

जागा कमी असल्याचा एक परिणाम मात्र आपल्या बाजूचा आहे. शत्रूला डोकं देण्याइतकी मेमरीच नव्हती. म्हणून बरेचसे शत्रू ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येतात आणि ठरलेलंच करतात. तुम्ही ज्या खड्ड्यात आज पडलात तो उद्याही तिथेच असणार आहे. आपला सगळा डाव यावरच उभा आहे.

गेम निवडा, आणि एकच निवडा

‘९९९९९ इन १’ कॅसेटने आपल्याला एक वाईट सवय लावली: जरा अडलं की गेम बदला. ती मोडा. महिनाभर एकच गेम.

सुरुवात मारिओपासून करा. त्यानंतर ‘कॉन्ट्रा’, मग १९८८ चा ‘मेगा मॅन २’. यात पासवर्ड आहे (तो टाकला की खेळ पुढून सुरू होतो) आणि कुठल्या बॉसशी, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूशी, आधी लढायचं ते आपण ठरवतो, त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळते. ‘निंजा गायडेन’, ‘बॅटलटोड्स’ आणि ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ शेवटी ठेवा. हा शेवटचा तर एकदा संपवला की खोटा शेवट दाखवून पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावतो. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतर. तो पहिलाच गेम म्हणून घेऊ नका, हात जोडून सांगतो.

मिळवायचे कुठून? घरात जुनं यंत्र आणि कॅसेट असतील तर उत्तम. नसतील तर कंपन्यांनी स्वतःच हे गेम पुन्हा काढलेत. कोनामीचं ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ २०१९ पासून कॉम्प्युटरवरही मिळतं आणि त्यात खेळ मध्येच सेव्ह करता येतो. ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन’ही तसंच. सेलमध्ये हे बरेच स्वस्त होतात, थोडी वाट पाहिली तरी चालेल.

टीव्ही आणि रिमोट नीट लावा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग म्हणतात, ‘वय झालं, आता बोटं चालत नाहीत.’ बोटं ठीक असतात, टीव्ही उशीर करत असतो. जुन्या डबा टीव्हीवर बटण दाबलं की मारिओ जवळपास त्याच क्षणी उडायचा. आजचा सपाट टीव्ही चित्र चकचकीत करण्यात वेळ घालवतो. सेकंदाचा दहावा भागही नसेल तो, पण कड्यावरून उडी मारताना तेवढ्यात जीव जातो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा आणि चालू करा. चित्र ताणून रुंद केलेलं असेल तर ४:३ (जुन्या टीव्हीचा आकार) करा, नाहीतर अंतराचा अंदाज चुकतो. जुनं यंत्र पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी जोडत असाल तर मधला स्वस्त कन्व्हर्टरही थोडा उशीर वाढवतो, हे ध्यानात असू द्या. रिमोट वायरवालाच घ्या. मोबाइलच्या काचेवर हे गेम खेळू नका. काचेवर अंगठ्याला बटणाची कड लागत नाही, सारखं खाली बघावं लागतं, आणि बघितलं की आऊट.

पहिले दोन-तीन दिवस फक्त मरा

जिंकायचं नाही, बघायचं. कुठे मेलो, कशाने मेलो, ते वहीत लिहा. ‘स्टेज १, पूल फुटतो, थांबायचं नाही.’ ‘स्टेज ३, वरून दगड.’ एवढंच. एक पान भरलं की लक्षात येईल की आपण शंभर ठिकाणी मरत नाही, त्याच आठ-दहा ठिकाणी मरतो.

प्रत्येक गेमचा एक लपलेला नियमही याच काळात सापडतो. ‘निंजा गायडेन’मध्ये शत्रू पडद्याच्या कडेवरच्या ठरलेल्या बिंदूला बांधलेला असतो. तुम्ही घाबरून एक पाऊल मागे आलात आणि पुन्हा पुढे गेलात की मारलेला शत्रू परत हजर. तिथे मागे सरणं म्हणजे मरण. मारायचं आणि पुढेच जायचं. मारिओत उलटी अडचण: पडदा मागे सरकतच नाही, राहून गेलेला मश्रूम (मारिओची ताकद वाढवणारी छत्री) राहिलाच. आणि आठव्या वर्ल्डमध्ये मधला टप्पाच ठेवलेला नाही, स्टेजच्या शेवटी मेलात तरी स्टेजच्या सुरुवातीला. हे आधी ठाऊक असलं की सातव्या वर्ल्डपर्यंत लाइफ जपून ठेवाव्याशा वाटतात.

मारिओतली एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना तेव्हा माहीत होती. सगळ्या लाइफ गेल्यावर पहिल्या पडद्यावर ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. ही गेममध्येच दिलेली सोय आहे, सराव करताना खुशाल वापरा.

तुकडे पाडा

आता वहीतल्या आठ-दहा जागा एकेक करून घ्या. सेव्हची सोय असेल तर प्रत्येक जागेच्या जरा आधी सेव्ह करा आणि तेवढाच तुकडा खेळा. सलग तीनदा न मरता पार झाला की पुढचा. एकदा पार होणं धरू नका, तो नशिबाचा भाग असू शकतो. शेवटच्या स्टेजचे तुकडे आधी घ्या. कारण पुढे अख्खा गेम सलग खेळताना तिथे पोचेपर्यंत हात घामेजलेले असतात आणि एकच लाइफ उरलेली असते. ती जागा डोळे झाकून येणारी हवी.

‘बॅटलटोड्स’ची तिसरी स्टेज उदाहरणाला घेतो, कारण १९९१ पासून लोक तिच्या नावाने खडे फोडताहेत. बोगद्यात उडत्या गाडीवर बसायचं, समोरून भिंती येतात, वेग वाढत जातो, शेवटी शेवटी डोळ्यांना काही कळतच नाही. पण त्या भिंती दर वेळी त्याच क्रमाने येतात. वरच्या बाजूला किंवा खालच्या. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, तोंडाने म्हणा: वर, खाली, वर, खाली, उडी. पहिले चार शब्द पाठ, मग आठ, मग बारा. शब्द आणि बोट एकमेकांना जोडले गेले की वेग वाढला तरी बिघडत नाही. पाढा भरभर म्हटला तरी क्रम कुठे बदलतो?

सगळंच पाठ होत नाही, हेही सांगायला हवं. मारिओतले हातोडे फेकणारे शत्रू कधी उडी मारतील याचा नेम नसतो. ८-३ मध्ये (आठव्या वर्ल्डच्या तिसऱ्या स्टेजला) त्यांच्या जोड्या विटांच्या दोन ओळींवर असतात. तिथे घाई नको. ते वर उडाले की खालून पळत निघून जा, किंवा एखादा डोक्यावरच्या विटेवर उभा असताना खालून विटेला धडक द्या, तो तिथेच खलास. फार वेळ मात्र थांबू नका, ते स्वतःच अंगावर चालून येतात.

तासाभराच्या वर एका बैठकीत सराव करू नका. चिडून खेळलेला शेवटचा अर्धा तास चुकीचीच सवय बोटांत बसवतो. बंद करा, जेवा, झोपा. झोपेत मेंदू हातांचा सराव पक्का करतो. रात्री न जमलेली उडी सकाळी सहज जमते.

दोघांनी खेळत असाल तर

कॉन्ट्राची खरी मजा दोघांत. पण तिसरी स्टेज, धबधब्याची, तिने आपल्याकडच्या किती भावांची भांडणं लावली असतील! तिथे पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो, शत्रूने हातही न लावता. ‘भो, थांब ना, वर नको चढू!’ असं ओरडून उपयोग नसतो, तोवर लाइफ गेलेली असते. म्हणून खेळायच्या आधीच ठरवा: कच्चा खेळाडू पुढे चढेल, पक्का त्याच्या मागून. पक्क्याने एक पायरी खालीच राहायचं. पसरट गोळीवाली ‘एस’ बंदूक मिळाली तर ती कच्च्याने घ्यायची. मेलं की बंदूक जाते, त्यामुळे ती टिकवायला तो जपून खेळतो, आणि पक्क्याला साध्या गोळीचं काही वाटत नाही.

कोड वापरावा का?

वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कॉन्ट्रात याने तीस लाइफ मिळतात. हा कोड आला कोनामी कंपनीत गेम बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडून. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रावर आणताना तपासणीसाठी तो खेळावा लागे आणि तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी मदतीला हा क्रम घातला. तो तसाच कॅसेटमध्ये राहिला. बनवणाऱ्यालाच गरज पडली, तर आपण लाजायचं कारण नाही. माझं मत असं: सगळ्या स्टेज एकदा बघायला तीस लाइफ वापरा, आणि गेम संपवला असं म्हणायचं असेल तेव्हा तीनच. सेव्हचंही तसंच. सरावात हवं तेवढं, शेवटच्या खेळात अजिबात नाही.

आजची पोरं हे का खेळतात

घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. मोबाइलवरचे बरेच गेम अडलं की जाहिरात दाखवतात, नाहीतर पैसे मागतात. इथे तसा रस्ताच नाही. जमलं ते तुमचं, नाही जमलं तेही तुमचंच. मला वाटतं, लोक या गेमकडे परत येतात ते याच्याचसाठी. नुसत्या आठवणींवर हे चालत नाही. २००९ चा ‘डेमन्स सोल्स’, २०१० चा ‘सुपर मीट बॉय’, २०१७ चा ‘कपहेड’, २०१८ चा ‘सेलेस्टे’ हे सगळे याच वाटेने गेले. ‘सुपर मीट बॉय’ आणि ‘सेलेस्टे’ यांनी एक शहाणपण केलं: मेलात की क्षणात त्याच जागी परत उभं करतात, लांबून चालत यावं लागत नाही. आणि जुने गेमही थांबलेले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने जुन्या यंत्रावरचा टेट्रिस इतका पुढे नेला की गेमच गोठला. तो मुलगा जन्मला त्याच्या वीस वर्षं आधी ती कॅसेट निघाली होती.

सलग खेळ

तुकडे झाले, आता अख्खा गेम. सकाळची वेळ निवडा, बोटं ताजी असतात. पहिल्या दोन स्टेज निवांत खेळा आणि लाइफ साठवा. मारिओत पहिल्याच दोन-तीन स्टेजमध्ये एक लाइफ वाढवणारे लपलेले हिरवे मश्रूम आहेत, ते घ्या. पाइपातून थेट आठव्या वर्ल्डला जायचा रस्ता ठाऊक असला तरी पहिल्यांदा तो घेऊ नका, कारण लाइफ आणि हात दोन्ही तयार व्हायला मधली वर्ल्ड लागतात. एखाद्या जागी मेलात तर लगेच रिमोट उचलू नका. स्टार्ट दाबून थांबवा, वहीतली ती ओळ वाचा, मग पुढे. इन्व्हर्टर नसेल तर त्या दिवशी लाइट कधी जाणार ते आधी विचारून घ्या.

८-४ मध्ये वाट चुकली की तोच रस्ता पुन्हा पुन्हा फिरतो, तेव्हा कुठला पाइप ते कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. राजकन्या भेटल्यावर गेम संपत नाही. बी दाबलं की दुसरी फेरी सुरू होते, साध्या गुंबांच्या (चालत येणाऱ्या तपकिरी शत्रूंच्या) जागी कडक कवचाचे बझी बीटल येतात, आणि ते आगीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. त्यासाठी नवी वही काढा.