जुन्या एमजीबीतील ऑइल प्रेशरचा काटा कसा वाचावा

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या स्पोर्ट्स गाड्या पाच लाखांहून अधिक तयार झाल्या आणि त्यांतील बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. या गाडीत १७९८ घन सेंटिमीटरचे बी-सिरीज इंजिन असते. त्याच घराण्यातले, वयाने थोरले पण आकाराने लहान असे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आपल्याकडे पेट्रोलवरच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे चालले. त्यामुळे अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला एमजीबीचे चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडल्यावर आत काही परके दिसत नाही. फरक असा, की एमजीबीच्या चालकासमोर ऑइल प्रेशरचा खराखुरा काटा असतो आणि तो काटा जरा इकडेतिकडे झाला की मालकाची झोप उडते. या काट्याचे म्हणणे नीट समजून घेतले, तर इंजिन विनाकारण उघडण्याचा खर्च टळतो आणि खरोखर उघडण्याची वेळ आली असेल तर तेही वेळेवर कळते.

कारखान्याने दिलेले आकडे असे आहेत: इंजिन पूर्ण गरम असताना चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ८० पाउंड, आणि आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसते चालू असताना) १० ते २५ पाउंड. मीटरवर बारचे आकडे असतील तर एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पाउंड असे धरावे. ‘पूर्ण गरम’ या शब्दांना येथे महत्त्व आहे. पाणी काही मिनिटांत तापते, पण ऑइलला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. म्हणून पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवल्यानंतरच नोंद घ्यावी. नोंद एक नव्हे, दोन घ्याव्यात: पहिली आयडलिंगला आणि दुसरी इंजिनाच्या मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांना. या दोन आकड्यांच्या जोडीतून जे कळते, ते सकाळी थंड इंजिनावर दिसलेल्या दिमाखदार ७५ पाउंडांतून कधीच कळत नाही.

याचे कारण प्रेशर तयार कसे होते यात आहे. ऑइल पंप प्रेशर निर्माण करत नाही. तो चेंबरमधले ऑइल पुढे ढकलतो. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि कॅमशाफ्ट यांच्या बेअरिंगमधील अरुंद फटींतून ते ऑइल बाहेर पडताना जो अडथळा होतो, तो आपल्याला प्रेशर म्हणून दिसतो. फटी रुंदावल्या, ऑइल पातळ झाले किंवा पंपाचा ओघ कमी पडला, तर प्रेशर उतरते. याउलट ते मर्यादेबाहेर चढू नये म्हणून इंजिनाच्या डाव्या बाजूला मागच्या अंगास एक रिलीफ व्हॉल्व्ह बसवलेला असतो. साधारण ७० पाउंडांना तो उघडतो आणि जास्तीचे ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो.

तपासाकडे वळण्यापूर्वी एक सक्त सूचना आहे. गाडी चालत असताना काटा एकाएकी शून्यावर आला, तर ‘मीटरच बिघडला असेल’ असा विचार करत घरापर्यंत जाऊ नये. क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करावे आणि गाडी कडेला घ्यावी. मग ऑइलची पट्टी पाहावी आणि गाडीखाली वाकून पाहावे. ऑइल कूलरच्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की फुटतात आणि चेंबर बघता बघता रिकामे होते.

आता काट्याची साक्ष तपासू. बहुतेक एमजीबींत हा मीटर यांत्रिक असतो, म्हणजे इंजिनातले ऑइल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डमागे येते आणि मीटरमधील वाकडी पोकळ नळी त्या दाबाने सरळ होऊ पाहते, त्यासरशी काटा हलतो. इंजिन बंद असताना काटा शून्यावर टेकत नसेल, तर मीटरच चुकीचा आहे. काटा हळूहळू चढत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर बारीक नळीत गाळ साचलेला असू शकतो. मीटरकडचे टोक सोडून बाटलीत धरावे, इग्निशन कॉइलची तार काढावी आणि सेल्फ मारावा. काही क्षणांत ऑइल आले पाहिजे. परत जोडताना त्या जोडात असलेला चामड्याचा छोटा वॉशर हरवू देऊ नये, कारण तो नसला की ऑइल थेट आपल्या पायांवर गळते. अमेरिकेसाठी बनलेल्या काही वर्षांच्या गाड्यांत विजेचा मीटर आणि त्याचा सेन्सर असतो. तेथे आधी गंजलेले जोड आणि अर्थिंग साफ करावे, कारण या प्रकारात खोटी साक्ष मिळण्याचा संभव कितीतरी जास्त असतो.

प्रकार कोणताही असो, निर्णय मात्र वेगळ्या, खात्रीच्या मीटरवर करावा. चांगला यांत्रिक टेस्ट गेज इंजिनाच्या ब्लॉकवरील जोडाला लावावा. हे आटे मेट्रिक नाहीत, त्यामुळे योग्य अ‍ॅडॉप्टर घ्यावा. जबरदस्तीने फिरवलेला जोड पुढे ब्लॉकचे आटे खातो आणि ती दुरुस्ती मूळ दुखण्याहून महाग पडते. माझ्या मते टेस्ट गेज लावल्याशिवाय ‘इंजिन बांधावे लागेल’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकच्या हाती गाडी देऊ नये.

गेजने कमी प्रेशर खरे ठरवले, तर पुढचा संशय ऑइलवर घ्यावा. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० या दाट श्रेणीचे मिनरल ऑइल मानवते. नव्या गाडीसाठी बनवलेले पातळ ५डब्ल्यू-३० कोणी प्रेमाने भरले असेल, तर निरोगी इंजिनाचाही काटा गरम आयडलिंगला खाली लोळतो. पट्टी काढून ऑइलचा वास घ्यावा. चोक अर्धवट अडकलेला राहिला किंवा कार्ब्युरेटर फार समृद्ध मिश्रण देऊ लागला, की न जळलेले पेट्रोल पिस्टनवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. तेव्हा ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. अशा वेळी कारण दुरुस्त करून ऑइल व फिल्टर बदलावा आणि मगच पुन्हा दोन नोंदी घ्याव्यात. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत अडकलेल्या गाडीत आयडलिंगला १२-१५ पाउंड दिसत असतील आणि रेस देताच काटा ५५ पर्यंत उडी घेत असेल, तर ते आजाराचे लक्षण नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

ऑइल योग्य असूनही आकडे कमी असतील, तर रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. तो घुमटाकार डोक्याच्या नटामागे असतो आणि पाना नीट बसला तर चेंबर न उतरवता बाहेर निघतो. येथे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची गल्लत हमखास केली जाते. स्प्रिंग थकली असेल, तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो. त्यामुळे वरची मर्यादा घसरते आणि फेऱ्या कितीही वाढवल्या तरी काटा, समजा, ४० पाउंडांवरच थबकतो. पण आयडलिंगचा आकडा जिथल्या तिथे राहतो, कारण तेवढ्या दाबाला थकलेली स्प्रिंगसुद्धा व्हॉल्व्ह मिटून धरू शकते. याउलट व्हॉल्व्हच्या बैठकीत (तो जिथे टेकून मिटतो त्या जागेत) धातूचा कण अडकला असेल किंवा बैठक झिजली असेल, तर व्हॉल्व्ह कधीच पूर्ण मिटत नाही आणि आयडलिंगलाही ऑइल गळत राहते, म्हणून दोन्ही आकडे उतरतात. स्प्रिंगची मोकळी लांबी सुमारे ७६ मिलिमीटर असावी; आखूड भरली तर बदलावी. व्हॉल्व्हच्या कडेवर अखंड, एकसारखी चकाकती कड दिसली पाहिजे. ती तुटक असेल, तर अत्यंत बारीक पेस्टने व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवावा आणि पेस्टचा कणही आत राहू देऊ नये.

स्प्रिंगखाली जादा वॉशर घालून प्रेशर ‘वाढवण्याचा’ जुना उपाय गॅरेजमध्ये अजून चालतो. वरच्या परिच्छेदावरून लक्षात येईल, की त्याने फक्त वरची मर्यादा सरकते. झिजलेल्या बेअरिंगमुळे उतरलेला गरम आयडलिंगचा आकडा त्याने तसूभरही हलत नाही. गाडी विकत घेताना काटा वेगात ८० च्या पलीकडे जात असेल आणि आयडलिंगला ५ वर येत असेल, तर नटामागे असे वॉशर भरले असावेत, असे धरून चालावे.

काटा वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला खाली येत असेल, तर ऑइलची पातळी कमी असल्याने पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती उघडी पडते आहे. सरळ रस्त्यावरही तो थरथरत असेल, तर पंपाच्या ओढीच्या बाजूला कुठे तरी हवा शिरते आहे. सकाळी सुरू केल्यावर काटा चढायला बरेच सेकंद लागत असतील, तर बहुधा फिल्टर दोषी असतो: काही वर्षांच्या इंजिनांवर तो उलटा बसतो आणि रात्रभरात रिकामा होतो. परत ओघळू न देणारा झडपेचा फिल्टर घेतल्यास ही तक्रार बहुतांशी जाते. सुट्या डब्याचा फिल्टर असलेल्या इंजिनात ऑइल बदलताना खाचेतली जुनी रबरी रिंग आठवणीने खरवडून काढावी. तिच्यावरच नवी बसवली, तर पहिल्या थंड स्टार्टला जोडातून ऑइलची चिळकांडी उडते.

एवढे सगळे निर्दोष निघाले, दोन्ही नोंदी तरीही कमीच राहिल्या आणि गाडीला चढावर जोर देताना खालून जड, घुमणारा ठोका किंवा ॲक्सिलरेटर सोडताना हलकी ठकठक ऐकू येत असेल, तर चेंबर उतरवावे लागेल. पंपाच्या रोटरच्या पाकळ्यांमधील फट ०.००६ इंचापेक्षा, आणि रोटर व झाकणामधील फट ०.००५ इंचापेक्षा जास्त असू नये. क्रँकच्या मुख्य बेअरिंगमधील मोकळीक एक ते पावणेतीन हजारांश इंच असावी. कॅमशाफ्टची बेअरिंगे मात्र पुष्कळ जण तशीच सोडतात, कारण ती ब्लॉकमध्येच बसवून एका रेषेत रीम करावी (आतून कातून नेमक्या मापाला आणावी) लागतात आणि ते काम सोयीचे नसते. नवी क्रँक बेअरिंगे, नवा पंप, तरीही आयडलिंगला १० पाउंड, या कोड्याचे उत्तर बऱ्याचदा तेथेच सापडते.

जोडणीनंतर पंप कोरडा राहू देऊ नये. बसवण्यापूर्वी तो ऑइलने भरावा, फिल्टरही शक्य तेवढा भरावा, चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडावी आणि सेल्फ थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत मारावा. काटा ठाम वर आला की प्लग लावून इंजिन सुरू करावे, टॅपेट कव्हरवरील झाकण उघडून रॉकरपर्यंत (इंजिनाच्या झडपा दाबणाऱ्या भागांपर्यंत) ऑइल पोहोचल्याची खात्री करावी, आणि गाडी फिरवून आणल्यावर गरम इंजिनावर आयडलिंगची व ३००० फेऱ्यांची नोंद वहीत तारखेसह लिहून ठेवावी.