हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही? या चुका टाळा

विंडोजनं ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी पाटी दाखवली की आधी केबल काढा. ओके दाबू नका.

मावशीच्या मुलीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरनं मॅकवरून हार्डडिस्कमध्ये भरून दिले होते, मॅकच्या एपीएफएस फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत). विंडोजला तो मुळात वाचताच येत नाही, म्हणून ती पाटी येते; डिस्क धडधाकट असते. मावसभावानं घाईत ओके दाबलं. क्विक फॉरमॅटनं हार्डडिस्कवरची फाइलींची यादी जाते, फोटो जागेवरच असतात. तिथं थांबला असता तर बहुतेक सगळं परत मिळालं असतं. पण ‘आता चालते का बघू’ म्हणून त्यानं वर सिनेमे टाकले. मी रात्रभर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. बरेच फोटो निघाले, पण नावं आणि फोल्डर गेले. सप्तपदीचा एकही फोटो मिळाला नाही. मावशी अजून विचारते.

म्हणून नवी डिस्क आणली की त्यात काहीही भरण्याआधी मी ती एक्सफॅट करतो. २००६ पासूनचा हा फॉरमॅट विंडोज आणि मॅक दोघांनाही लिहिता-वाचता येतो, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, तो २०१९ साली, ५.४ पासून आला. मॅकवर करताना डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडा, सगळ्यात वरच्या ओळीवर जा आणि स्कीम, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत, जीयूआयडी ठेवा. खालच्या व्हॉल्यूमवरच इरेज दाबलं तर स्कीम विचारलीच जात नाही, जुनी तशीच राहते. हे दोन क्लिक वाचवणाऱ्यांचेच फोन मला नंतर येतात.

फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीची फाइल मावत नाही, डिस्क रिकामी असली तरी.

विंडोजचं एनटीएफएस मॅकवर दिसतं, पण त्यावर लिहिता येत नाही. त्यासाठी कुठूनतरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका.

लिनक्सवर एनटीएफएस नुसतंच वाचता येत असेल, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप (त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करून पूर्ण शटडाउन करा.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. कॉपी चालू असताना केबल ओढली तर फाइली खराब होऊ शकतात, म्हणून प्रत्येक वेळी इजेक्ट करा. आणि एकमेव प्रत त्यावर कधीच ठेवू नका.

माझ्या प्रत्येक डिस्कवर कागदी पट्टी आहे: फॉरमॅट, तारीख, आत काय आहे. मावशीच्या डिस्कवरही आता लावली आहे.