जुनी रेस आणि मोटोजीपी, दोन्ही नीट कशा बघायच्या

आमच्या घरात रविवारी एकच भांडण असतंय. मी मोटोजीपी, म्हणजे बाइक रेसची वर्ल्ड चॅम्पियनशिप, लावली की काका सुरू, "ह्यात काय दम हाय, सगळं कॉम्प्युटरच करतोय," आणि काकांनी मोबाईलवर जुन्या नॉर्टनची, म्हणजे जुन्या ब्रिटिश बाइकची, रेस लावली की धाकटा भाऊ म्हणणार, "ह्यापेक्षा हायवेला पल्सरवाली पोरं जोरात जात्यात." मला विचाराल तर दोघंही चुकीची गोष्ट बघतायत, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. आधीच सांगतो, मी रेसर बिसर नाही, साताऱ्यात नोकरी करणारा साधा माणूस, पण वीसेक वर्षं हाच एक नाद.

सुरुवातीलाच स्पीड डोक्यातून काढा. मँक्स नॉर्टन म्हणजे ५०० सीसीचा एकच सिलेंडर, पन्नासेक हॉर्सपॉवर. आजच्या मोटोजीपी गाडीला तीनशेच्या आसपास, आणि वजन नियमानं किमान १५७ किलो, म्हणजे आपल्या बुलेटपेक्षाही हलकी. २०२३ ला इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरनं ताशी ३६६ किमी गाठलं. आकड्यात जुनी गाडी कुठंच बसत नाही, मग तुलना करायची कशी? तर एकच प्रश्न विचारायचा: हा गडी काय वाचवतोय? जुन्या रेसमधे तो मशीन वाचवत असतोय, नव्या रेसमधे टायर. हे एकदा दिसायला लागलं की दोन्हीत मजा येते.

जुन्या रेसमधे आधी ब्रेक बघा. हे मला काकांच्या राजदूत थ्री फिफ्टीनं शिकवलं. बाहेरच्या देशात यामाहानं आरडी ३५० पुढं डिस्क लावून विकली, आपल्याकडं १९८३ ला राजदूत नावानं आली ती मात्र पुढंमागं ड्रम घेऊन, इंजिन तसलं आणि ब्रेक हा असला. कासवरून येताना यवतेश्वरच्या घाटात मी ॲक्सिलरेटर सोडला, पण टू स्ट्रोकला इंजिन ब्रेक नसल्यातच जमा, त्यामुळं सगळा भार ड्रमवर. दोन वळणं मस्त गेली, तिसऱ्याला लिव्हर जरा जास्त आत आली, पाचव्याला ती पार हँडलला टेकली आणि लायनर जळल्याचा वास नाकात गेला. गाडी थांबली ती कडेच्या मातीत. काका मागं बसलेले, एक शब्द बोलले नाहीत, खाली उतरले आणि हबवर पाण्याचा एक थेंब टाकला, चर्र करून गेला तो. मग म्हणाले, "आता अर्धा तास बस."

जुन्या रेसमधे नेमकं हेच चाललेलं असतंय. ड्रम तापला की पसरतो, लायनरची पकड जाते, म्हणून जाणता रायडर पहिल्या लॅपला उशिरा ब्रेक मारून हिरोगिरी करत नाही, लवकर हलका ब्रेक धरतो, गिअर उतरवत येतो आणि वळणात स्पीड टिकवतो. रेस बघताना रस्त्याकडेची एखादी खूण पकडा, पोल, गवताचा ढीग, काहीही, आणि दर लॅपला तो ब्रेक मारायला कुठं सरळ बसतोय ते बघा. शेवटच्या लॅपला ती जागा मागं सरकली म्हणजे ब्रेक संपत आलेत. आता गंमत बघा, मोटोजीपीतला कार्बन ब्रेक बरोब्बर उलटा: ड्रम गरम झाला की मरतो, कार्बन गार असला की धरतच नाही.

दुसरं म्हणजे कान वापरा. आवाज बंद करून जुनी रेस बघणं म्हणजे मीठ न घालता मिसळ खाणं. त्या गाड्यांना इंजिन जास्त फिरू न देणारा लिमिटर नव्हता, गिअर उजव्या पायात, आपल्या जुन्या बुलेटसारखा, आणि रेव्ह काउंटरचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा बघत बघत गिअर टाकायचा, एक गिअर हुकला की इंजिन बोंबलत वर जातंय आणि व्हॉल्व्ह वाकला तर रेस तिथंच संपली. म्हणून ऐकायचं काय, तर दोन गिअरच्या मधली ती छोटी गप्प जागा. मोटोजीपीत ती जागाच नाही, सीमलेस गिअरबॉक्स आहे, गिअर बदलताना ताकद तुटतच नाही, आवाज जोडल्यासारखा वर चढत जातो. धूर आणि वास तर मोबाईलमधून येत नाही, पण माहिती म्हणून सांगतो, जुन्या रेसचा जो गोडसर वास म्हातारी माणसं आठवतात तो एरंडेलाचा, हो तेच, आजी नाक दाबून पाजायची ते. तापल्यावरही लोखंडावरचा थर सुटत नाही म्हणून रेसिंग ऑइल त्याचं बनवायचे, कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय.

स्टार्टपण बघा. १९८६ पर्यंत ग्रांप्रीला, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसला, गाड्या धक्का मारून चालू व्हायच्या, रायडर पळायचा, उडी मारायचा, क्लच सोडायचा. बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गिअरमधे ढकलून ज्यानं चालू केलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता नवी रेस. इथं पहिले चार लॅप कोण पुढं आहे ह्याला मी फार किंमत देत नाही. ग्रीडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत, कुणी सॉफ्ट टायर लावलाय, कुणी मीडियम, ते कागदावर लिहून घ्या. मग तिसऱ्या-चौथ्या नंबरवरचा माणूस बघा, तो वळणातून निघताना झुकलेली गाडी लवकर सरळ करतोय का, मागचं चाक घसरत फिरू न देता हळू रेस देतोय का. तसं असेल तर तो टायर साठवतोय आणि शेवटच्या पाच लॅपला येणार. अजून एक भानगड आहे ती हवेच्या प्रेशरची. पुढच्या टायरला किमान १.८ बार पाहिजे, म्हणजे २६ पीएसआय, आपण पंपावर भरतो जवळपास तेवढंच. पण दुसऱ्याच्या मागं चिकटून पळालं की गरम हवेत पुढचा टायर तापतो, प्रेशर चढतं, पुढचं चाक घसरायला लागतं. म्हणून मागचा माणूस मधेच अंतर सोडतो. काका ओरडतात "भ्याला बघ!", तो भ्यालेला नसतोय काका, टायर गार करतोय.

कधी कधी गडी स्वतःलाच वाचवत असतोय. २०२३ ला ग्रेटर नोएडाला आपल्याकडं रेस झाली तेव्हा उन्हामुळं २४ च्या २१ लॅप केल्या, बेझेकी जिंकला, आणि तरी मार्टिन गाडीवरून उतरला तो उभं राहता येईना असा.

बसायच्या पद्धतीवर पोरं जास्त बोलतात, मी थोडक्यात उरकतो. अगोस्तिनीचे फोटो बघा, १५ वर्ल्ड टायटल घेतलेला माणूस, बहुतेक फोटोत गुडघे टाकीला चिकटलेले, कारण टायर बारीक आणि कडक. पुढं अमेरिकन रायडर केनी रॉबर्ट्सच्या काळात गुडघा जमिनीला लागायला लागला, आता कोपर लागतंय. टायर बदलला तसा माणूस बदलला, बाकी काही नाही.

आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी, म्हणजे साध्या रस्त्यावरची रेस, बघणार असाल तर वेगळा हिशेब. तिथं गाड्या दहा-दहा सेकंदांनी एकेक सुटतात, म्हणजे स्क्रीनवर पुढं दिसणारा माणूस पुढं असेलच असं नाही. वही घ्या, सेक्टरचा टाइम लिहा. एक लॅप ६०.७ किमी, सातारा ते कराड आणि वर थोडं, गावातून, घरांच्या भिंतीला घासून. १९५७ ला बॉब मॅकिंटायरनं गिलेरा बाइकवर पहिल्यांदा ताशी १०० मैलांची लॅप मारली आणि २०२३ ला पीटर हिकमननं तोच रस्ता १६ मिनिटं ३६ सेकंदात संपवला. आपली एसटी तेवढ्या वेळात नागठाण्याला तरी पोचती का बघा. रस्ता बंद करून, मार्शल उभे करून होतंय ते, तरी तिथं माणसं जिवानिशी जातात, त्यामुळं यवतेश्वरला किंवा पसरणीला जाऊन कुणी हे करायचं नाही. खुमखुमी असेल तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं, लायसन काढा आणि चेन्नई नाहीतर कोइंबतूरचा ट्रॅक गाठा. रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेंटल जीटी कपमधे जुन्या ढंगाची ६५० गाडी असते, दोन्ही जगांचा वास एकाच ठिकाणी.

वेळ सांगून ठेवतो. युरोपातली मोटोजीपी उन्हाळ्यात आपल्याकडं बहुतेक संध्याकाळी साडेपाचला, टीटी मे अखेर ते जून, आणि जुन्या गाड्या बघायच्या तर सप्टेंबरात इंग्लंडमधलं गुडवुड रिव्हायव्हल, तिथल्या बाइक रेसमधे एका गाडीवर दोन रायडर आळीपाळीनं बसतात, ती बदलाबदली चुकवू नका. गेल्या वेळी काकांनी भडंगाचा डबा मांडीवर घेऊन एकट्यानं सगळे टाइम वहीत लिहिले, आता ती वही ते कुणाला हात लावू देत नाहीत.